रॉक ऐकताना शब्द मागे ठेवा: साठ-सत्तरच्या दशकातली गाणी कानात उतरवायची रीत

मराठी कान शब्दांवर पोसलेला आहे. अभंग असो, नाट्यगीत असो की भावगीत, आपण आधी काय म्हटलंय ते ऐकतो आणि मग कसं म्हटलंय ते. ही सवय घेऊन कोणी लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडसमोर बसला की पहिल्या दोन मिनिटांतच गडबड होते. गायक काय ओरडतोय ते कळत नाही, म्हणून तो नेटवर शब्द शोधतो. शब्द सापडले की ते वाचून म्हणतो, ‘एवढंच?’ आणि सोडून देतो. दोष त्याचा नाही. त्या गाण्यातला ऐवज दुसरीकडे ठेवलेला आहे, आणि तो सापडण्याची एक ठरावीक रीत आहे. शब्द सगळ्यांत शेवटी, ही तिची पहिली अट.

आधी यंत्र नीट लावा

फोनच्या स्पीकरवर रॉक ऐकू नये. बेस गिटारच्या सगळ्यांत जाड तारेचा मूळ सूर 41 हर्ट्झच्या आसपास असतो आणि फोनच्या इवल्या स्पीकरमधून तो येतच नाही. म्हणजे चार जणांच्या बँडपैकी एक माणूस तुम्ही ऐकायच्या आधीच वजा झालेला असतो. साधे वायरचे हेडफोन किंवा दोन वेगळे स्पीकर एवढं पुरे. स्पीकर असतील तर दोघांमध्ये सहा-सात फूट अंतर ठेवा आणि तुम्ही बसाल तिथून दोन्ही सारख्याच अंतरावर येऊ द्या.

एकाच कानात इअरबड घालून ऐकणं हा तर घातच. साठच्या दशकात स्टिरिओ नवा होता आणि मिश्रण ढोबळ असे. बीटल्सच्या 1965 च्या ‘रबर सोल’च्या स्टिरिओ आवृत्तीत बऱ्याच गाण्यांत गायन उजवीकडे आणि वाद्यं डावीकडे आहेत. एक कान रिकामा ठेवलात तर निम्मं गाणं गेलं. हाच ढोबळपणा शिकताना मात्र फार उपयोगी पडतो. उजवा हेडफोन काढून ठेवा, गायक जवळजवळ गायब होतो आणि बँड काय वाजवतोय ते उघडं पडतं.

ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन शफल बंद करा. एक गाणं दुसऱ्यात मिसळणारा क्रॉसफेड शून्यावर आणा आणि गाण्यांमधली फट बुजवणारं ‘गॅपलेस’ चालू ठेवा. बेस वाढवणारी बटणं बंदच असू द्या. जुन्या रेकॉर्डवर बेस कमी ठेवत, कारण तो जास्त झाला की सुई खाचेतून उडेल अशी रेकॉर्ड कापणाऱ्यांना धास्ती असे. ती उणीव बटणाने भरायला गेलात तर बेस वाढण्याऐवजी सगळंच गढूळ होतं.

आवाज किती ठेवायचा? गाणं सुरू झाल्यावर ठरवू नका. लेड झेपेलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ आठ मिनिटांचं आहे. सुरुवातीला गिटार आणि बासरीच्या जातीचं रेकॉर्डर हे वाद्य, तेही हळू. ड्रम येतात ते सव्वाचार मिनिटं उलटल्यावर, आणि शेवटी सगळे तुटून पडतात. सुरुवातीच्या हळू भागावर आवाज लावलात तर शेवटी हात बटणाकडे धावतो, आणि तिथेच गाण्याची चढण मोडते. आधी शेवटचा मिनिटभर लावून आवाज बेताचा करा, मग पहिल्यापासून ऐका.

एक गाणं, चार फेऱ्या

सुरुवातीला डीप पर्पल या ब्रिटिश बँडचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ घ्या. ते फार थोर आहे म्हणून नव्हे, तर त्यात वाद्यं एकेक करून आत येतात म्हणून. गायक तोंड उघडायच्या आधी जवळपास पाऊण मिनिट जातं. तेवढ्यात आधी एकटी गिटार, मग हाय-हॅट म्हणजे ड्रमवाल्याच्या बाजूची झांजांची जोडी, मग ऑर्गन, मग बाकीचे ड्रम आणि शेवटी बेस, अशी सगळ्यांची ओळख परेड होते.

पहिल्या फेरीत फक्त गिटारची ती ओळ धरा. पुन्हापुन्हा येणाऱ्या अशा छोट्या ओळीला रिफ म्हणतात, आणि आपल्याकडे बंदिशीच्या मुखड्याचं जे काम असतं ते रॉकमध्ये रिफ करतो. या रिफचे सूर सरगममध्ये सहज बसतात: सा, कोमल ग, शुद्ध म, सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म, पुन्हा सा, कोमल ग, शुद्ध म, आणि कोमल ग वरून खाली सा. पेटीवर वाजवून बघा. दोन्ही मध्यम लागोपाठ येतात, सगळी खुमारी त्या एका जागेत आहे. गिटारवर रिची ब्लॅकमोर एकावेळी दोन तारा छेडतो आणि त्यांच्यात षड्ज-मध्यमाचं अंतर असतं. रिफ एवढा रुंद वाटतो तो त्यामुळे.

दुसऱ्या फेरीत गिटार सोडा आणि रॉजर ग्लोव्हरच्या बेसकडे जा. बेस ऐकू येत नाही ही सगळ्यांचीच तक्रार असते. उपाय असा: तो जिथे आत येतो तिथून पाच-सहा सेकंद आधी गाणं न्या आणि ती जागा तीन-चारदा ऐका. तो आल्याबरोबर पायाखालची जमीन भरल्यासारखी होते. आता तो काय वाजवतोय ते गुणगुणा. रिफखाली एकच सूर धरून तो सारखा ढकलत राहतो, बस. गुणगुणता आलं की कान तिथे टिकतो, नाहीतर पुन्हा गिटारकडे घसरतो.

तिसरी फेरी ऑर्गनची. जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून वाजवत असे. त्यामुळे त्याचा आवाज खरखरीत होतो आणि गिटारला चिकटतो. रिफ जाड वाटतो तो गिटार अधिक ऑर्गन मिळून. हे दोन आवाज वेगळे करता आले की कानाची पहिली इयत्ता पास.

चौथ्या फेरीत शब्द. इथे ते सरळसोट हकिगत सांगतात. डिसेंबर 1971 मध्ये हा बँड स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला रेकॉर्डिंगसाठी गेला होता. तिथल्या कॅसिनोत फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि धूर तळ्यावर पसरला. रेकॉर्डिंगची जागाच जळाली. मग दुसऱ्या एका नाट्यगृहात या गाण्याची वाद्यं ध्वनिमुद्रित केली, पण शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केल्यावर तिथूनही हाकललं. बाकीचा अल्बम हिवाळ्यात बंद पडलेल्या एका हॉटेलात झाला. रोलिंग स्टोन्स या बँडच्या मालकीचा फिरता स्टुडिओ, म्हणजे यंत्रं भरलेला ट्रक, बाहेर उभा होता. ‘मशीन हेड’ हा तो अल्बम, 1972 चा.

टाळी कुठे द्यायची

आपल्याला समेवर टाळी द्यायची सवय. रॉकमध्ये 1-2-3-4 असं मोजलं तर सहसा 1 आणि 3 वर पायाचा जाड ड्रम आणि 2 आणि 4 वर स्नेअरचा, म्हणजे हाताने वाजवायच्या छोट्या ड्रमचा, कडक फटका असतो. टाळी त्या 2 आणि 4 वर. समेवर टाळी देणाऱ्याला गाणं जड, ओढल्यासारखं वाटतं. रॉक म्हणजे नुसती धडधड असं जे म्हणतात, त्यांतले निम्मे चुकीच्या जागी टाळी देत असतात. मोजणी पायाने करा आणि टाळी हाताने, म्हणजे दोन्ही वेगळी राहतात. दहा मिनिटांत जमतं.

तालात मुरलेल्या माणसासाठी खरी मेजवानी पुढे आहे. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचं 1973 चं ‘मनी’ सात मात्रांचं आहे. सुरुवातीला नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचा खणखणाट असे आवाज टेपचा वेटोळा करून फिरवले आहेत. ते आवाजच सात आहेत, तेव्हा पहिल्या खणखणाटापासून मोजायला लागा. रूपकाचे खंड त्यावर बसवू नका, नुसते सात मोजा. सॅक्सोफोनचा सोलो, म्हणजे एकाच वाद्याने पुढे येऊन वाजवलेला तुकडा, सातातच आहे. गिटारचा सोलो सुरू होताना मात्र गाणं चारात उडी मारतं आणि शेवटच्या कडव्याला पुन्हा सातात येतं. मोजत असाल तर ती उडी पोटात जाणवते. मोजत नसाल तर ‘आता जरा मोकळं वाटतंय’ एवढंच कळतं.

लेड झेपेलिनच्या ‘काश्मीर’मध्ये (1975) ड्रमवाला जॉन बॉनम चारात सरळ चालतो आणि त्यावरचा रिफ तीनात फिरतो. रिफची चार आवर्तनं आणि ड्रमची तीन झाली की बाराव्या मात्रेनंतर दोघं पुन्हा एका जागी भेटतात. एका हाताने तीन आणि पायाने चार धरून पाहा. सुरुवातीला हमखास चुकतं, कारण हात पायाच्या मागे ओढला जातो. आधी पाय पक्का करा आणि मगच हात लावा.

त्याच बॉनमचा नुसता आवाज ऐकायचा असेल तर 1971 चं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात जिन्याखालच्या मोकळ्या दालनात ड्रम ठेवले आणि दोन मायक्रोफोन वर जिन्यात टांगले. ड्रमच्या तोंडाला मायक्रोफोन लावला असता तर फक्त फटका आला असता. इथे घराच्या भिंतीही वाजतात. फटका आणि त्यामागून येणारा पोकळीचा हुंकार, या दोघांमधली किंचितशी फट ऐका.

ब्लूजचं बारा घरांचं कोष्टक

या सगळ्या ब्रिटिश पोरांनी अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या ब्लूज गाण्यांच्या रेकॉर्ड ऐकऐकून घासल्या होत्या. रोलिंग स्टोन्स हे नावच मडी वॉटर्स या ब्लूज गायकाच्या 1950 च्या एका रेकॉर्डवरून आलं. म्हणून ब्लूजचा सांगाडा ठाऊक हवा. चार-चार मात्रांची बारा घरं असतात. पहिली चार घरं सा च्या आधारावर, मग दोन मध्यमावर, दोन परत सा वर, एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटची दोन सा वर. एकूण 48 मात्रांचं आवर्तन. नवव्या घरात पंचम लागतो तिथे कान टवकारा, परतीचा रस्ता तिथून सुरू होतो. काही गाण्यांत दुसऱ्याच घरात मध्यम डोकावून जातो. तेवढी सूट सगळेच घेतात.

हे कोष्टक हाताशी धरून जोड्या लावा. रॉबर्ट जॉन्सनने 1936 मध्ये एकट्याने गिटारवर म्हटलेलं ‘क्रॉस रोड ब्लूज’ आणि क्रीम या तिघांच्या बँडने 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मंचावर वाजवलेलं ‘क्रॉसरोड्स’. आधी क्रीम ऐका. तिथे बारा घरं काटेकोर आहेत, मोजणी बसते. मग जॉन्सनकडे जा. एकटाच असल्याने तो घरं हवी तशी लांबवतो आणि तुमची मोजणी कोसळते. उलट क्रमाने गेलात तर कोष्टकच खोटं वाटेल. ‘लेव्ही’चीही अशीच जोडी आहे: मूळ गाणं कॅन्सस जो मकॉय आणि मेम्फिस मिनी या जोडप्याचं, 1929 चं.

तिसरी जोडी ब्लूजची नाही, पण सोडण्यासारखीही नाही. ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ बॉब डिलनने 1967 च्या अखेरीस काढलं: अडीच मिनिटं, गिटार, माउथऑर्गन, बेस, ड्रम, कोरडंठाक. दुसऱ्या वर्षी गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने तेच चार मिनिटांचं केलं. तीन कॉर्डचा (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले सुरांचे झुबके) एकच फेरा पहिल्यापासून शेवटपर्यंत चालतो, ध्रुपद नाही की अंतरा नाही. तबल्याच्या एकलवादनात मागे लेहरा चालतो तसा. त्या फेऱ्यावर मधला लांब सोलो हेंड्रिक्सने तुकड्यातुकड्यांत रचला आहे. आधी सरळ तारांवर, मग तारेवर कठीण वस्तू घसरवून, मग पायाखालच्या पेडलने ‘वा-वा’ असा बोलता आवाज काढून आणि शेवटी कॉर्ड खरडून. हे चार तुकडे कुठे बदलतात ते घड्याळ बघून टिपून ठेवा. ‘गिटारचा गोंगाट’ या तक्रारीवर माझ्या माहितीत याहून उत्तम औषध नाही.

अल्बम बाजूने ऐका, गाण्याने नव्हे

बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर साधारण वीस ते बावीस मिनिटं मावत. साठच्या दशकाच्या मध्यापासून बँड त्या मापाने विचार करू लागले. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची पहिली बाजू क्लेअर टोरीच्या शब्दांवाचून गायलेल्या आलापावर संपते. मग उठून रेकॉर्ड उलटायची आणि दुसरी बाजू ‘मनी’च्या नाण्यांनी उघडायची. ॲपवर हा विराम मिळत नाही. तो स्वतः घ्या. दोन मिनिटं थांबवून पाणी प्या आणि मग पुढे जा.

बीटल्सच्या ‘ॲबी रोड’वर (1969) पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं सुरीने कापल्यासारखं मध्येच तुटतं. फाइल बिघडलेली नाही, ते मुद्दाम तसंच ठेवलंय. दुसऱ्या बाजूला सुमारे सोळा मिनिटांची एकात एक गुंफलेली छोटी गाणी आहेत. ‘दि एंड’ नंतर काही सेकंद शांतता पसरते आणि मग अर्ध्या मिनिटाचंही नाही असं ‘हर मॅजेस्टी’ येतं. संपलं समजून बंद करणारे ते हुकवतात.

‘बेस्ट ऑफ’ आणि ‘ग्रेटेस्ट हिट्स’ सुरुवातीलाच टाळा. त्यांत प्रत्येक गाणं आपल्या घरातून उचलून आणलेलं असतं. रीमास्टर, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाची नव्याने घासूनपुसून काढलेली आवृत्ती, निवडताना एक फसगत होते: दोन आवृत्त्यांपैकी मोठ्याने वाजणारी नेहमीच चांगली वाटते. ॲपमधली आवाज समपातळीला आणणारी सोय चालू करून मगच तुलना करा.

ओळखीच्या खुणा

‘हूज नेक्स्ट’ (1971) हा द हू या बँडचा अल्बम ‘बाबा ओ’रायली’ने सुरू होतो. त्यातले बाबा म्हणजे पुण्यात जन्मलेले मेहेरबाबा, ज्यांची समाधी नगरजवळ मेहेराबादला आहे. गिटारवादक पीट टाउनशेंड त्यांचा अनुयायी. नावाचा दुसरा अर्धा भाग टेरी रायली या अमेरिकन रचनाकाराचा. सुरुवातीची ती भिरभिरणारी लड सिंथेसायझरची नाही, घरगुती लॉवरी ऑर्गनची आहे. तिच्यावर आधी पियानोचे तीन कॉर्ड, मग ड्रम, आणि शेवटी व्हायोलिन कुठून कुठे पळतं ते बघा.

क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारूख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला आणि तिथेच ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवत असे. लेड झेपेलिनच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँटने 1972 मध्ये मुंबईत इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ पुन्हा वाजवून घेतली. ती ध्वनिमुद्रणं त्यांच्या ‘कोडा’ अल्बमच्या 2015 च्या आवृत्तीत मिळतात. मूळ गाणी ऐकून मगच ती लावा.

सतारीचं म्हणाल तर बीटल्सच्या ‘नॉर्वेजियन वुड’मधली जॉर्ज हॅरिसनची सतार सतार म्हणून ऐकू नका, निराशा होईल. तो नवशिका होता आणि ती त्याने गिटारच्या ओळीसारखी वापरली. बीटल्सच्याच ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बमवरचं (1966) ‘लव्ह यू टू’ पुढचं पाऊल आहे. त्यात तबला अनिल भागवत यांचा, आणि अल्बमच्या वेष्टनावर त्यांचं नाव छापलेलं आहे. पण आपल्या कानाला सगळ्यांत जवळचं त्याच अल्बमचं शेवटचं ‘टुमॉरो नेव्हर नोज’. एकच षड्ज धरून सगळं चालतं, तानपुराही आहे. सगळे चिरके, पक्ष्यांसारखे आवाज टेपचे तुकडे उलटसुलट फिरवून काढलेले.

बैठकीत मन रमणाऱ्यांनी मंचावरच्या ध्वनिमुद्रणांकडे लवकर वळावं. डीप पर्पलच्या ‘मेड इन जपान’मध्ये (1972) ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’ चालू असताना गिटार आणि गायक इयन गिलन यांचे सवाल-जवाब चालतात. गिटारने जे म्हटलं ते गळ्यातून तसंच्या तसं. लांबलचक ड्रम सोलो मात्र खुशाल पुढे ढकला, मंचासमोर उभं राहिल्याशिवाय त्यांत फारसं काही हाती लागत नाही.

जुन्या रेकॉर्ड मुंबईत चोरबाजारात मटण स्ट्रीटवर मिळतात. घेताना वेष्टनातून काढून आतली तबकडी तीच आहे का ते आधी वाचा. मग उजेडाखाली तिरकी धरा. केसासारखे ओरखडे चालतात, नखाला लागणारे नाहीत. डोळ्यासमोर आडवी धरून वाकलेली आहे का ते पाहा. घरी सुईचा भार कार्ट्रिजसाठी, म्हणजे सुई बसवलेल्या डबीसाठी, सांगितला असेल तेवढाच ठेवा, बहुतेक ठिकाणी तो दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास असतो. कमी ठेवला तर रेकॉर्ड जपली जाते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उडते आणि भिंती ओरबाडते.

शब्द शेवटी, या नियमाला एक मोठा अपवाद डिलनचा. ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ (1965) सहा मिनिटांचं आहे आणि त्यात वाद्यं शब्दांच्या मागे धावतात. ते ऐकताना शब्द पहिल्याच फेरीला समोर उघडून ठेवा, एकेका ओळीत किती अक्षरं कोंबली आहेत ते बोट ठेवून वाचत जा, आणि ऑर्गन किंचित उशिरा पोचतोय की काय याकडे दुसऱ्या फेरीत लक्ष द्या. तो वाजवणारा अल कूपर मूळचा गिटारवाला, ऑर्गनवर त्या दिवशी ऐनवेळी बसलेला.